घुमणारी खोली शांत करताना: लोकर, कापूस आणि काथ्याचे ध्वनिशोषक पॅनेल

वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, भिंतींना गिलाव्यावर रंग आणि काचेच्या सरकत्या खिडक्या. शिकवणीचा वर्ग असो, वाचनालय असो की दवाखान्यातली बसायची खोली, आजकाल खोली बांधली जाते ती अशीच. तिथे चार माणसं एकदम बोलली की एकाचंही धड कळत नाही. बोलणारा आवाज चढवतो, तसतशी खोली जास्तच घुमते. माईक लावल्यावर तर हा गोंधळ मोठा होऊन ऐकू येतो, इतकंच.

नेमकं काय बिघडतं ते 'सात' आणि 'साठ' या दोन शब्दांत दिसतं. दोन्हींत 'सा'चा लांब आकार सर्वांत जोरकस असतो. तो भिंतींवर आपटत खोलीत रेंगाळतो आणि पाठोपाठ येणारा 'त' किंवा 'ठ' त्याच्याखाली झाकला जातो. व्यंजनांची ओळख पटवणारा आवाज बहुतेक २००० हर्ट्झच्या (सेकंदाला २००० कंपनांच्या) वरचा असतो आणि फार क्षीण असतो. मागच्या बाकावरच्या मुलाला पाढे म्हणताना सात आहे की साठ हे अंदाजानं ठरवावं लागतं. मुलाचं लक्ष नाही असं आपण म्हणतो, पण दोष खोलीचा असतो. हा दोष लोकर, कापूस, गोणपाट अशा साध्या वस्तूंनी दूर करता येतो. मात्र त्या पुरेशा जाडीच्या, पुरेशा जागेवर आणि योग्य रीतीनं लावाव्या लागतात.

आधी त्रास कोणता ते ओळखा

शेजारचा टीव्ही किंवा रस्त्यावरचे हॉर्न आत येत असतील तर तो ध्वनिरोधाचा प्रश्न आहे. त्याला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात: जड दार, दाराखाली रबरी पट्टी, घट्ट बसणाऱ्या खिडक्या, जाड भिंत. लोकरीच्या पॅनेलनं शेजारचा टीव्ही थांबत नाही. खोलीतच निघालेला आवाज खोलीत रेंगाळत असेल तर तो ध्वनिशोषणाचा प्रश्न, आणि पुढचं सगळं त्याबद्दलच आहे. या दोन गोष्टींची गल्लत करून पैसे वाया घालवणारे पुष्कळ आहेत. पॅनेल बनवायला घेण्यापूर्वी हे स्वतःशी स्पष्ट करून घ्या.

खोली मोजा

पंखे बंद करा, खिडक्या लावून घ्या. खोलीच्या मध्यभागी उभे राहून एकच जोरदार टाळी वाजवा. आवाज एकसारखा ओसरत गेला तर तो निनाद. टाळीमागून 'ट्रर्रर्र' अशी फडफड ऐकू आली तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा टोले खातो आहे. फडफड कोणत्या जोडीत आहे ते टाळ्या वाजवत दोन्ही दिशांना फिरून शोधा आणि भिंतीवर खडूनं खूण करा.

आकडा हवा असेल तर एक मोठा फुगा फोडा आणि तो आवाज फोनवर ध्वनिमुद्रित करा. फोन भिंतीपासून निदान पाच फूट आणि फुग्यापासूनही तितकाच लांब ठेवा. आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोय ॲपमध्ये असेल तर बंद करा, नाहीतर मोजमाप चुकतं. ती फाइल संगणकावर ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रणालीत उघडा आणि लाट डेसिबलच्या मापात बघा. शिखरापासून ५ डेसिबल खाली आल्यापासून २५ डेसिबल खाली येईपर्यंत किती वेळ गेला ते मोजा आणि त्याची तिप्पट करा. आवाज ६० डेसिबलनी ओसरायला लागणारा वेळ, म्हणजेच खोलीचा निनादकाळ, साधारण तेवढा. तीन ठिकाणी मोजून सरासरी घ्या.

किती असावा? अमेरिकेतल्या वर्गखोल्यांच्या मानकात (एएनएसआय एस१२.६०) २८३ घनमीटरपर्यंतच्या, सामान मांडलेल्या पण मुलं नसलेल्या खोलीसाठी ०.६ सेकंद ही मर्यादा आहे. शिकवण्याच्या आणि बैठकीच्या खोलीला हेच लक्ष्य धरा. बोलणं ध्वनिमुद्रित करायच्या लहान खोलीला ०.३ चालतं. गाण्याच्या रियाजाची खोली मात्र इतकी कोरडी करू नका, ०.८ च्या आसपास ठेवा. सूर लगेच विझला तर गाणारा नकळत गळ्यावर जोर देतो.

हिशेब: किती पॅनेल लागतील

हा हिशेब मुळात गाद्यांवरून निघाला. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात बोललेलं काहीच कळत नव्हतं. एक शब्द तिथे सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकानं जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या बसायच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एकेक वाढवत ऑर्गनची नळी वाजवली आणि आवाज किती वेळात विरतो ते घड्याळानं टिपलं. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरात आहे:

निनादकाळ (सेकंद) = ०.१६१ × खोलीचं घनफळ (घनमीटर) ÷ एकूण शोषण (चौरस मीटर)

उघडी खिडकी पूर्ण शोषक मानतात, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. तिचा शोषणाचा गुणांक १. बाकी सगळ्याचे गुणांक तिच्या तुलनेत. पृष्ठभागाचं क्षेत्रफळ गुणिले त्याचा गुणांक म्हणजे त्याचं शोषण. ५०० हर्ट्झला ढोबळ आकडे असे: रंगवलेला गिलावा, स्लॅब आणि फरशी ०.०१ ते ०.०३, फरशीवर पसरलेली सतरंजी ०.१, भरपूर चुण्यांचा जाड सुती पडदा ०.५, दोन इंच लोकर किंवा कापूस आणि मागे दोन इंच मोकळी हवा ०.८५.

६ × ५ मीटर आणि ३ मीटर उंच, म्हणजे साधारण २० × १६ फुटांची खोली घेऊ. घनफळ ९० घनमीटर. जमीन, छत आणि भिंती मिळून १२६ चौरस मीटर. सरासरी गुणांक ०.०३ धरला तर शोषण फक्त ३.८. निनादकाळ ०.१६१ × ९० ÷ ३.८ = ३.८ सेकंद. तो ०.६ वर आणायला २४ चौरस मीटर शोषण लागतं, म्हणजे वीसेक चौरस मीटरची तूट आहे.

जमिनीवर पूर्ण सतरंजी घातली की ३ भरून निघतात. खिडक्यांना ६ चौरस मीटरचे जाड पडदे लावले तर आणखी ३. कापड खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट घ्या, काचेपासून चार इंच सोडून टांगा. उरलेल्यासाठी ४ × २ फुटांचे (०.७४ चौरस मीटर) २४ पॅनेल घेतले तर १५ मिळतात. बेरीज २४.९, निनादकाळ ०.५८.

२४ पॅनेल हा आकडा ऐकून माणूस दचकतो. चार पॅनेल लावून 'काही फरक पडला नाही' म्हणणारे जे चुकतात ते इथेच चुकतात. त्या चार पॅनेलचं शोषण अडीच चौरस मीटर, ३.८ सेकंदांचे २.३ होतात आणि खोली घुमतच राहते.

भरण कोणतं

तंतूंच्या जाळीत शिरलेली हवा आवाजाबरोबर मागेपुढे हलते, तंतूंना घासते आणि त्या घर्षणात आवाजाची ऊर्जा संपते. म्हणून भरणात हवा शिरली पाहिजे, पण सहज आरपारही जाता कामा नये. तंतू जितका बारीक तितकं कमी जाडीत काम होतं. कोणताही माल हातात घेतलात की तोंडाजवळ धरून फुंकून बघा. फुंकर अजिबात शिरली नाही तर आवाज बाहेरूनच परत फिरेल. काहीच अडथळा जाणवला नाही तर माल फार विरळ आहे. थोडा जोर लावून फुंकर जाते, तो माल कामाचा.

दख्खनी मेंढीची लोकर यासाठी फार चांगली. हीच लोकर धनगरांच्या घोंगडीला वापरतात. ती जाडीभरडी असल्यानं मऊ कपड्याला चालत नाही, पण पॅनेलमध्ये तिचा हाच गुण उपयोगी पडतो: दाबली तरी पुन्हा फुगते, वर्षानुवर्षं खाली बसत नाही. ती सहज पेटत नाही आणि ज्योत बाजूला केली की बहुधा आपोआप विझते. कच्च्या लोकरीत माती आणि काटेकुटे भरपूर असतात. २४ किलो स्वच्छ लोकर हवी असेल तर ३५ ते ४० किलो घ्या. कोमट पाण्यात रिठ्याच्या फेसात अर्धा तास भिजवा, चोळू नका, दोन-तीन पाण्यातून काढा, न पिळता निथळवून सावलीत वाळवा. चोळली की तिचा नमदा होतो आणि पिंजता येत नाही.

कापसाचा तंतू लोकरीहून बारीक, म्हणून शोषण उत्तम. जुन्या गाद्यांचा कापूस पिंजून घेतला तर स्वस्तही पडतो. पण दोन खोटी आहेत. एक म्हणजे तो खाली बसतो, त्यामुळे गोधडीसारखे सहा-सहा इंचांवर टाके घालावेच लागतात. दुसरी खोट गंभीर आहे: तो पेटतो आणि आतल्या आत धुमसत राहतो. प्रक्रिया न केलेला कापूस छताला कधीही लावू नका.

काथ्या कोकणात मुबलक, ओलाव्याला टिकतो. पण त्याचा तंतू जाड आणि राठ असतो, म्हणून इंचभर जाडीचा काथ्या बोलण्याच्या पट्ट्यात कमी पडतो. तो वापरायचा तर तीन-चार इंच जाडी आणि मागे तितकीच हवा द्या, किंवा मागे काथ्या आणि पुढे इंचभर लोकर असा जोड करा. दमट गावात हा जोड चांगला.

वूडवूल बोर्ड, म्हणजे लाकडाचे लांब तंतू सिमेंटमध्ये जखडलेली तक्ती, सार्वजनिक जागेसाठी सोयीची. मार लागला तरी टिकते. तीही सरळ स्लॅबला चिकटवू नका, मागे जागा सोडा.

आता ज्यांच्यावर भिस्त ठेवू नये ते. अंड्यांचे ट्रे पातळ असतात, वरच्या सुरांना थोडं छेडतात, बाकी काही करत नाहीत, वर आगीचा धोका. सूचनाफलकाचा पातळ कॉर्क निव्वळ शोभेचा. शेणामातीचा गिलावा खोली थंड ठेवायला छान, पण निनादाच्या बाबतीत तो जवळजवळ सिमेंटच्या गिलाव्याइतकाच कठीण असतो. नैसर्गिक आहे म्हणून शोषक असेल, असं होत नाही.

आग आणि कसर

टाकणखार आणि बोरिक पावडर दोन्हींचा बंदोबस्त करतात. एक लिटर गरम पाण्यात १०० ग्रॅम टाकणखार आणि ४५ ग्रॅम बोरिक पावडर पूर्ण विरघळवा. पिंजलेला कापूस पातळ थरांत पसरून दर किलोला एक लिटर द्रावण फवारा, उलटा, पुन्हा फवारा. दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा आणि पुन्हा हलकं पिंजून घ्या. लोकरीला मुख्य भीती कसरीची. तिला किलोला अर्धा लिटर पुरतं. हातमोजे आणि मास्क घाला, मुलांना आणि गरोदर स्त्रियांना या कामापासून लांब ठेवा.

मग चाचणी. चिमूटभर भरण चिमट्यात धरून घराबाहेर मेणबत्तीवर दहा सेकंद धरा. ज्योतीतून बाहेर काढताच विझलं पाहिजे आणि मिनिटभरानं आत ठिणगी धुमसत नसली पाहिजे. धुमसत असेल तर पुन्हा फवारा. पाणी लागलं की हे क्षार धुऊन जातात, म्हणून गळक्या छताखाली हे पॅनेल लावायचे नाहीत. सिनेमागृह, मोठं सभागृह, रुग्णालय अशा जागी अग्निशमनाचे नियम लागतात. तिथे घरगुती प्रक्रियेवर विसंबू नका, प्रमाणित माल घ्या.

पॅनेल बांधणं

चौकटीला २ इंच × पाऊण इंच पाइनची पट्टी घ्या. एका पॅनेलला ४ फुटांच्या दोन, साडेबावीस इंचांच्या तीन पट्ट्या. तिसरी मध्ये आडवी. दोन इंचांची बाजू उभी ठेवा, तीच भरणाची जाडी. तुकडे आणि गाठी धरून २४ पॅनेलना ३६० फूट पट्टी आणा. वाळवीचं औषध चौकट जोडण्याआधी लावा, कापलेल्या टोकांना विशेषतः.

मागच्या बाजूला अर्ध्या इंचाची कोंबडीजाळी स्टेपल करा. प्लायवूड मारू नका, मागच्या हवेचा फायदा जातो. पॅनेल छतासाठी असेल तर पुढच्या बाजूलाही जाळी हवी. नाहीतर सगळं भरण कापडावर बसतं आणि काही महिन्यांत छताला पोट सुटतं.

भरण वजन करूनच घाला, डोळ्यांच्या अंदाजानं नाही. एका पॅनेलला एक किलो, म्हणजे घनमीटरला तीसेक किलोची घनता. कोपऱ्यांपासून सुरुवात करा, पोकळी तिथेच राहते. भरल्यावर तळहातानं निम्म्यापर्यंत दाबा. हात काढताच वर आलं पाहिजे. 'जास्त कोंबलं की जास्त शोषेल' हा समज चुकीचा आहे. फार दाबलेल्या भरणात हवाच शिरत नाही.

भरणावर पातळ मलमल ताणून मारा, तंतू आणि धूळ खाली पडत नाही. वर गोणपाट, खादी किंवा हातमागाचं कोणतंही सैल विणीचं कापड. ५८ इंच पन्ह्याचं कापड असेल तर एका पॅनेलला ३० इंच, २४ पॅनेलना साडेअठरा मीटर. वीस मीटर आणा. गोणपाट आधी भिजवून वाळवा, नाहीतर पावसाळ्यात आकसतं आणि सुरकुत्या पडतात. रेक्झिन, प्लॅस्टिकचं अस्तर किंवा कापडावर ब्रशनं ऑइलपेंट लावलात तर छिद्रं बुजतात आणि वरची व्यंजनं पुन्हा खोलीत उडायला लागतात. रंग हवा असेल तर कापड आधी रंगवून घ्या.

कुठे आणि कसे लावावे

२४ पैकी १६ छताला, ८ भिंतींना. छत हा खोलीतला सर्वांत मोठा मोकळा पृष्ठभाग. तिथे सामान आड येत नाही, मुलांचे हातही पोचत नाहीत. पंख्याच्या पात्यांच्या वर पॅनेल घालू नका, पंख्याला वरून हवा ओढता येत नाही. ४८ इंची पंख्याभोवती साधारण पाच फुटांचा चौकोन मोकळा सोडा. दिव्यांपासून निदान सहा इंच अंतर.

स्लॅबला ६ मिमीचे डोळा असलेले अँकर फास्टनर, एका पॅनेलला चार. प्लॅस्टिकचे गुल्ले छतात कधीच नकोत. ड्रिल करण्याआधी स्लॅबमधल्या वायरिंगच्या नळ्या कुठून गेल्या आहेत ते बघा. १४ गेजच्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) तारेनं पॅनेल असा टांगा की वर दोन इंच हवा राहील. पॅनेलचं वजन चार ते पाच किलो असतं. तरी एक जादा तार सैल ठेवून बांधा.

भिंतीवरचे आठ पॅनेल जमिनीपासून चार ते आठ फुटांच्या पट्ट्यात, तोंड आणि कानांच्या उंचीच्या आसपास. पाच शिक्षकासमोरच्या मागच्या भिंतीला, तीन बाजूच्या भिंतीला, जिथे खडूची खूण आहे तिथे. दोन्ही भिंती झाकायची गरज नाही, जोडीतली एक झाकली की फडफड थांबते. मागे दोन इंचांचे ठोकळे ठेवा. ही हवेची जागा फुकटची जाडी आहे. ५०० हर्ट्झची लाट जवळपास ६९ सेंटीमीटर लांब असते आणि तिच्या पाव लांबीवर, सतरा सेंटीमीटरवर, हवेची हालचाल सर्वांत जास्त असते. पॅनेल भिंतीपासून जितका पुढे, तितका तो खालच्या सुरांना पकडतो. त्याच कारणानं भिंतीला चिकटवलेली पातळ फेल्ट फक्त बारीक आवाज खाते. खोली मग मंद वाटते, पण पुरुषी आवाजाचा घुमारा तसाच राहतो. असं झालं असेल तर दोन-तीन पॅनेल उचलून भिंतींच्या कोपऱ्यात तिरपे उभे करा, मागे त्रिकोणी पोकळी ठेवून.

तीस-पस्तीस फुटांहून लांब सभागृहात छत सरसकट झाकू नका. वक्त्याच्या डोक्यावरचं आणि मधलं छत कठीणच ठेवा, कारण मागच्या रांगेपर्यंत आवाज तेच पोचवतं. तिथे मागची भिंत आणि छताच्या कडा झाका.

पावसाळा

पश्चिमेच्या, ओल धरणाऱ्या भिंतीवर पॅनेल लावायचा मोह टाळा. आधी ओल थांबवा. कोकणात आणि घाटमाथ्यावर हे काम दसऱ्यानंतर करा, भरण पूर्ण कोरडं असतानाच बंद करा. लोकर हवेतलं पाणी भरपूर पिते आणि परत सोडते, पण मागून वारा खेळला तरच. भिंतीवरच्या पॅनेलच्या वर आणि खाली फट उघडी ठेवा. दर सहा महिन्यांनी मऊ ब्रश लावलेल्या व्हॅक्यूम क्लीनरनं धूळ काढा, ओल्या फडक्यानं पुसू नका. ऑक्टोबरमध्ये एक-दोन पॅनेल उतरवून मागची बाजू बघा. काळे ठिपके किंवा कुबट वास असेल तर भरण बाहेर काढून दिवसभर उन्हात घाला आणि ज्योतीची चाचणी पुन्हा करा.

सगळे पॅनेल लागले की फुगा पुन्हा फोडा, त्याच तीन जागी, पंखे बंद आणि खिडक्या लावून. ०.७ च्या वर राहिलं तर आणखी तीन-चार पॅनेल वाढवा. ०.४ च्या खाली गेलं असेल तर सतरंजी गुंडाळून ठेवा आणि पुन्हा मोजा.